चिंचेचं पाणी आणि इटालियन मार्बल

मी ज्या इमारतीत शिकवणी घ्यायला जायचे, तिच्याच गेटपाशी माझी आई मासळी विकायला बसायची. मी आत जाताना ती मान वर करायची नाही. यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मी तिची मुलगी हे वॉचमनपासून सगळ्यांना माहीत होतं. तिच्या हातात कोयता असायचा आणि समोर गिऱ्हाईक, म्हणून ती बघायची नाही, एवढंच. मी लिफ्टने अकराव्या मजल्यावर जायचे. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे आणि त्यांच्या आठवीतल्या मुलीला मी सायन्स शिकवायचे.

ती शिकवणी मला आईनेच मिळवून दिली होती. पापलेट साफ करता करता तिने सेक्रेटरींच्या बायकोला सांगितलं होतं, "माझी पोर बी.एस्सी. करते. केमिस्ट्री." आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. केमिस्ट्रीत नक्की काय करतात ते आईला ठाऊक नव्हतं, पण तो शब्द ती अगदी सावकाश, नीट उच्चारायची. माझे उच्चार मात्र त्या मुलीला पहिल्या दिवसापासून खटकले.

"मिस, म्याटर नाही. मॅटर."

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकले. मी 'द्रव्य' म्हणत मोठी झाले. कॉलेजात इंग्रजी शब्द वहीत उतरवायला जमायला लागले, पण तोंडातून बाहेर पडताना अजून अडखळायचे. मी म्हटलं, "बरं, मॅटर." ती हसली. वाईट मुलगी नव्हती ती. तिला जे दिसायचं ते ती बोलून टाकायची, आणि तिला खूप काही दिसायचं.

त्या सुमारास आमचे पदार्थांचे गुणधर्म चालू होते. भौतिक गुणधर्म म्हणजे पदार्थ न बदलता जे आपल्याला कळतं ते. रंग, वास, कठीणपणा, चमक, कितीला वितळतो, कितीला उकळतो. रासायनिक गुणधर्म तसा नुसता बघून कळत नाही. तो पदार्थ दुसऱ्या कशाशी भेटला की काय होतं, त्यावरून तो कळतो. मी तिला म्हटलं, भेट घडवून आणावी लागते. हे मला स्वतःला फार आवडलेलं वाक्य होतं, पण तिने ते लिहून घेतलं नाही.

"वासावरून ओळखता येतात अशा गोष्टी सांग," मी विचारलं.

"पेट्रोल. कापूर. नेलपॉलिश." मग ती थांबली आणि ओठ दाबून हसली. "तुम्ही."

"काय?"

"तुम्ही आलात की पप्पांना हॉलमधूनच कळतं. मग ते लगेच स्प्रे मारतात. तुम्ही बघितलं नाही का?"

बघितलं होतं. मला वाटायचं, त्यांना स्प्रेची आवड असेल. मी आंघोळ करून, धुतलेला ड्रेस घालून यायचे. आईची मासळीची पाटी मी त्या दिवशी उचललेलीसुद्धा नसायची. मी खाली वहीकडे बघत म्हटलं, "पुढचा गुणधर्म, कठीणपणा." तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं, कारण पुढचं सगळं तिने न बोलता लिहून घेतलं.

शिकवणी संपल्यावर सेक्रेटरी बाहेर आले. मोबाइल माझ्यासमोर धरून म्हणाले, "हे बघ. तुझ्या आईचं काय करायचं, तूच सांग आता."

फोटो गेटजवळच्या ओट्याचा होता. आई बसते तो ओटा. पांढऱ्या दगडावर डाग पडले होते. नुसते पिवळे-तपकिरी नव्हते, चमकच गेलेली होती. जिथे चमक होती तिथे आकाश दिसत होतं आणि जिथे ती बसायची तिथे दगड खडूसारखा मेलेला होता.

"इटालियन आहे," ते म्हणाले. "मासळीच्या पाण्याने दगड खाल्लाय. रविवारी मीटिंग आहे, ठराव तयार आहे. वासाचं आम्ही इतकी वर्षं सहन केलं. आता प्रॉपर्टीचं नुकसान व्हायला लागलं."

त्या जागेबद्दल इथे सांगायला हवं, नाहीतर एका ओट्यासाठी इतकं काय, असं वाटेल. अंधेरी पश्चिमेला, आमच्या वर्सोव्याच्या कोळीवाड्यापासून रिक्षाने जवळच, आधी तिथे जुन्या चार मजली इमारती होत्या. गेटपाशी एक मोठा काळा दगड होता. त्यावर माझ्या वडिलांची आई बसायची. आमच्यात बसायची जागा सासूकडून सुनेकडे येते, कोयता आणि पाटीबरोबर. आई लग्न होऊन आली, काही वर्षं सासूच्या शेजारी बसली, मग एकटी बसायला लागली. इमारती पाडून टॉवर झाला तेव्हा जुन्या रहिवाशांनीच बिल्डरला सांगितलं होतं, आमच्या कोळणीला जागा ठेवा. बिल्डरने काळा दगड डेब्रिसबरोबर नेला आणि इमारतीच्या नावाच्या पाटीखाली पांढऱ्या मार्बलचा ओटा बांधून दिला. ओट्यावर सावली होती. शेजारी नळ होता. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट, तो ओटा सोसायटीच्या हद्दीत होता. समोर फुटपाथवर बसणाऱ्या बायकांना पालिकेची गाडी आली की पाटी उचलून पळावं लागतं. पळता आलं नाही तर पाटी गाडीत जाते. आईचे गुडघे आता पळायच्या लायकीचे राहिलेले नाहीत.

म्हणजे रविवारी ठराव झाला तर आई रस्त्यावर येणार होती. मी सेक्रेटरींना म्हटलं, "सर, मासळीच्या पाण्याने मार्बलला असं होणार नाही."

"कशावरून?"

"मासळीचं पाणी म्हणजे बर्फाचं पाणी, थोडं मीठ... त्याने दगडावर अशी क्रिया..."

"अगं, मग प्रूव्ह कर ना. सायन्सवाली आहेस तू. मासळीने नाही झालं हे दाखव सगळ्यांना, मी स्वतः ठराव फाडून टाकतो. काय?"

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. त्या क्षणी त्यांनाही ते खरंच वाटत असेल, असं मला कधी कधी वाटतं. पण खात्री नाही.

घरी येऊन मी आईला सांगितलं. ती दारात पाटी उलटी घालून खवले काढत होती.

"म्हावऱ्यानं दगड खाल्ला?" ती म्हणाली. "दर्यात एवरे खडक हायेत, ते कवाचे संपले असते मग."

"मी तेच म्हटलं. पण त्यांना सिद्ध करून पाहिजे."

"सिद्ध म्हंजे?"

"प्रयोग करून दाखवायचं."

"कर की मग. तुना शिकवलं कनाला, कशासाठी?" ती परत खवले काढायला लागली. मग हसून म्हणाली, "तो सेक्रेटरी ना, त्याची बायको दर बुधवारी माझ्याकडून कोलंबी नेते. सांग त्याला, आधी तिचं पोट बघ, खाल्लं का म्हावऱ्यानं."

प्रयोग मी त्यांच्याच घरी करायचं ठरवलं, म्हणजे नंतर कोणी बोट ठेवायला नको. वॉचमनकडून मीटर रूममध्ये पडलेले त्याच मार्बलचे तुटके तुकडे घेतले. आईच्या टबमधलं पाणी बाटलीत भरून घेतलं. मुलीच्या आईने बाटली बघितली आणि आम्हाला बाल्कनीत घालवलं. "किचनमध्ये नको. आणि वाट्या नको घेऊस, ते प्लास्टिकचे डबे घे. नंतर टाकून देता येतील." मी डबे घेतले. कोलंबी ज्या कढईत शिजते ती नंतर टाकून देतात का, असं विचारावंसं वाटलं. विचारलं नाही.

एका डब्यात साधं पाणी, एकात मिठाचं पाणी, एकात मासळीचं पाणी. प्रत्येकात एक तुकडा. मुलगी मनापासून सगळं करत होती. चिठ्ठ्या तिनेच चिकटवल्या. मग ग्रिलमधून खाली बघत म्हणाली, "आणि ते ब्राऊन पाणी?"

"कुठलं?"

"तुमची आई जाताना ओतते ते. मला इथून दिसतं ना रोज. ओतते आणि हाताने दगडावर गोल गोल घासते."

मी तिच्याकडे बघत राहिले. ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरातून निघताना आपण कुलूप लावतो, ते काम म्हणून कुठे लक्षात राहतं, तसं ते होतं. आई सकाळी निघतानाच एका डब्यात चिंच भिजत घालते. मासळी संपली की त्या चिंचेने आधी हात चोळते, मग कोयता, मग लाकडाचा ठोकळा, आणि उरलेलं पाणी बसायच्या जागेवर ओतून जागा घासून घेते. तिला सासूने शिकवलं होतं, जागेवर वास ठेवून उठायचं नाय. दुसऱ्याच्या दारात बसतो आपण. काळ्या दगडावर तिने कितीतरी वर्षं हेच केलं. टॉवर झाल्यावर वरून तक्रारी यायला लागल्या, वास येतो, वास येतो, तेव्हा तिने चिंच वाढवली.

"ते चिंचेचं पाणी आहे," मी म्हटलं.

"आमच्याकडे आहे चिंच. आणू?"

मी नको म्हणू शकले असते. पण प्रयोगात एक गोष्ट मुद्दाम सोडून द्यायची, हे मला सुचलंही नाही. निदान तेव्हा तरी. ती चिंच घेऊन आली. आम्ही ती कोमट पाण्यात कोळली, दाट, आई करते तशी. चौथा तुकडा त्यात टाकला. तुटलेल्या कडेला अगदी बारीक बुडबुडे धरले. एखादा सुटून वर यायचा, मग दुसरा.

"सोड्यासारखं," मुलगी म्हणाली.

मला तेव्हाच कळलं होतं. आम्ल आणि कार्बोनेट. तिच्या पुस्तकात थोडं पुढे तो धडा होता. मी तो अजून शिकवला नव्हता, एवढंच.

पुढच्या शिकवणीला आम्ही तुकडे काढून धुतले. मासळीच्या पाण्यातला तुकडा जसाच्या तसा होता. वास येत होता, पण चमक तीच, बाल्कनीची ग्रिल त्यात दिसत होती. मिठाच्या पाण्यातलाही तसाच. चिंचेच्या पाण्यातला तुकडा मेला होता. नख फिरवलं की खरखरीत लागायचा. फोटोतल्या ओट्यासारखा.

"म्हणजे तुमच्या आईनेच केलं," मुलगी म्हणाली.

"मासळीने नाही केलं."

"पण तुमच्या आईनेच केलं ना?"

मी तिला समजावून सांगायला लागले. मासळीचा वास ज्या पदार्थांमुळे येतो ते आम्लारी असतात, उडून जाणारे असतात, म्हणून नाकापर्यंत पोचतात. चिंचेतलं आम्ल त्यांना धरून ठेवतं, मग ते उडत नाहीत, वास मरतो. म्हणजे तुमच्याकडे वास येऊ नये म्हणून ती जे घालते, तेच दगडाला लागतं. काळ्या दगडाला ते काहीच करत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मस्त आहे हे," ती म्हणाली. "पप्पांना सांगू?"

"मी सांगेन. रविवारी."

"सगळं?"

मी पुस्तकाचं पान उलटलं.

आईला सांगायला मला एक पूर्ण संध्याकाळ लागली. म्हणजे मी जवळ जाऊन बसले, उठले, परत बसले. शेवटी तुकडे तिच्या हातात दिले. मासळीच्या पाण्यातला एका हातात, चिंचेतला दुसऱ्या हातात. तिने अंगठा फिरवून बघितला. तिच्या अंगठ्याला दगड कळतात, कोयत्याला धार ती दगडावरच लावते.

"हा कशातला?"

"चिंचेतला."

तिने अंगठा पुन्हा एकदा फिरवला. मग एकदम माझ्यावरच आली. "काल्या दगडाला तर काय झालं नव्हतं."

"काळा दगड वेगळा, आये. त्याला चिंच काही करत नाही. हा पांढरा वेगळा."

"म्हंजे दगड त्यांनी बदलला आनी चूक माझी?"

मी तिच्या हातातून तुकडे परत घेतले.

"त्यांनी इचारलं काय?" ती म्हणाली. "म्हावऱ्यानं खाल्ला काय, हेच ना? मग सांग, नाय खाल्ला. इचारलं तेवरंच सांग. परीक्षेत इचारलं नाय त्याचं उत्तर लिवतेस काय तू?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे, पटवून घेतलं. जे विचारलं त्याचं खरं उत्तर द्यायचं, यात खोटं काहीच नव्हतं. पण कॉलेजात प्रॅक्टिकलला आमच्या मॅडम पुन्हा पुन्हा सांगायच्या की जे रीडिंग आलं तेच लिहायचं, जे यायला पाहिजे होतं ते नाही. ते वाक्य डोक्यातून जात नव्हतं. रविवारी निघताना मी पिशवीत दोन तुकडे घेतले. मग परत आत गेले आणि चिंचेतला तिसराही घेतला. तो दाखवायचा की नाही, हे ठरवलं नव्हतं. नुसता घेतला.

मीटिंग सकाळी पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या वरच्या मोकळ्या जागेत होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा, बिस्किटं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती, केसांत वेणी माळली होती. तिला खुर्ची कोणी दिली नाही. ती लिफ्टच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. मी तिच्या शेजारी. मुलगी एका कुंडीच्या कठड्यावर बसून पाय हलवत होती.

सेक्रेटरींनी फोटो सगळ्यांच्या ग्रुपवर टाकलेले होतेच. ते म्हणाले, "ही कोळणीची मुलगी. सायन्स करते. हिला काहीतरी सांगायचंय."

"काय, आता पोडियमवर प्रॅक्टिकल पण?" मागून कोणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

मी दोन तुकडे टेबलावर ठेवले. सांगायला लागले तेव्हा मराठी की इंग्रजी तेच कळेना. दोन्ही अर्धं अर्धं आलं. पण मुद्दा सांगितला. हा साध्या पाण्यातला, हा मासळीच्या पाण्यातला, दोन्ही सारखे. मासळीच्या पाण्याने हा दगड खराब होत नाही. दोन-तीन जणांनी तुकडे हातात घेतले, एकाने नाकाशी नेला आणि लगेच ठेवला. दर आठवड्याला बोंबील नेणारी एक बाई म्हणाली, "बघा, मी म्हणत होते ना. उगाच तिच्यावर घेताय."

क्षणभर मला वाटलं, झालं.

"मग कशाने झालं?" सेक्रेटरी म्हणाले.

मी टेबलावरचे तुकडे सरळ करायला लागले.

"नाही, बरोबर ती बसते तिथेच झालंय. बाकी ओटा चकाचक. मासळीने नाही, मान्य. मग कशाने? तू अभ्यास केलायस ना?"

पिशवी माझ्या हातात होती. मी मुलीकडे बघितलं. तिचे पाय हलायचे थांबले होते. ती काही बोलणार नव्हती, हे मला दिसत होतं. ती फक्त बघत होती, मी काय करते ते.

"अहो, ती काय सांगणार," पहिल्या रांगेतले एक रिटायर्ड गृहस्थ म्हणाले. ते जुन्या इमारतीतले, आईकडून त्यांनी माझ्या जन्माआधीपासून मासळी घेतलेली. "आईचं प्रकरण आहे. कितीही शिकली तरी घरचंच बोलणार. यांच्यात खरं-खोटं असं काही नसतं. त्या पिशवीत काय लपवतेयस गं?"

आई भिंतीपासून सुटली. माझ्या हातातून पिशवी घेतली, आत हात घातला आणि तिसरा तुकडा काढून टेबलावर आपटला.

"लपवत नाय ती. चिंच हाय. मी ओतली. रोज ओतली."

कोणाला काही कळेना. मी मध्ये बोलायला गेले तर तिने हाताने मला मागे सारलं.

"माझ्या पोरीला खोटारडी बोलायचं नाय. ती सांगनारच होती, मी नको बोलले. चिंचेनं तुमचा दगड खाल्ला. आनी चिंच कनाला ओतली इचारा. इचारा ना, काका. तुमच्या नाकासाठी ओतली. तुमीच वरून बोंबलता ना, वास येतो, वास येतो?"

कोणी हसलं नाही. मग सेक्रेटरी अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे कबूल आहे. मिनिट्समध्ये घ्या."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही म्हणाला होता, मासळीने नाही झालं हे दाखव, मग ठराव..."

"अगं, दगड खराब झाला की नाही? कोणी केला? तूच तर प्रूव्ह केलंस. थँक यू."

मी सांगायचा प्रयत्न केला की चिंच बंद केली की नुकसान थांबेल. दगडाची चमक पॉलिश करून परत आणता येते. ओट्यावर एक साधी काळी लादी टाकली तर चिंचेचाही प्रश्न नाही. कोणीतरी म्हणालं, इटालियनवर काळी लादी? दुसऱ्याने विचारलं, चिंच बंद केली तर वासाचं काय? म्हणजे त्यांना दगडही हवा होता, वासही नको होता आणि दर बुधवारी दारात ताजी कोलंबी हवी होती. हे वाक्य मला तिथे सुचलं नाही. घरी आल्यावर सुचलं, आणि तेव्हा ते ऐकायला कोणी नव्हतं.

ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले. बोंबीलवाल्या बाईने आधी दोन्हीकडे बघितलं, मग तिनेही केला.

गेटच्या बाहेर आल्यावर आई माझ्यावर बरसली. मला वाटलं, तुकडा आणला म्हणून.

"आनला होतास तर दाखवायचा होता. पिशवीत धरून उभी कनाला राहिलीस? त्यो म्हातारा तुना खोटारडी बोलला, सगळ्यांच्या म्होरं. त्याला मी उधारीवर सुरमई दिली हाय, त्याची बायको बालंतीन होती तवा."

"तूच म्हणालीस ना, विचारलं तेवढंच सांग."

"म्हनाले असेन. त्यांनी दुसरं इचारलं तर दुसरं सांगायचं. शिकलीस ना तू?"

आम्ही कोळीवाड्यापर्यंत चालत आलो. ती पुढे, मी मागे. वाटेत ती दोनदा थांबली, गुडघ्यासाठी. मला हात लावू दिला नाही.

आता ती गेटच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे फुटपाथच्या कडेला बसते. तिथे सावली नाही, नळ नाही. पाणी मी कॉलेजला जाण्याआधी कॅनमध्ये भरून ठेवते. पालिकेची गाडी एकदा येऊन गेली. शेजारच्या भाजीवाल्याने पाटी उचलून गल्लीत नेली म्हणून वाचली. आई उठेपर्यंत गाडी निघून गेलेली होती. "जवानीत मी गाडीच्या म्होरं पळायची," ती म्हणाली. "आता गाडीच माझ्या म्होरं पळते."

शिकवणी बंद झाली. कोणी जा म्हणालं नाही. मुलीच्या आईचा मेसेज आला, एक्झामनंतर बघू. एक्झाम होऊन गेली. मुलगी एकदा रस्त्यात भेटली.

"मिस, पेपरला आलं होतं. केमिकल प्रॉपर्टीचं उदाहरण द्या. मी चिंच आणि मार्बल लिहिलं."

"मग?"

"टीचरने कट केलं. म्हणाली, बुकमधलं लिहायचं." तिने खांदे उडवले. "मी तिला सांगितलं, मी स्वतः बघितलंय. तर म्हणाली, आर्ग्यू करू नकोस."

ओट्यावर आता कुंड्या ठेवल्यात. दगडाला पॉलिश अजून केलेलं नाही. कुंड्यांच्या मधून ते मेलेले डाग दिसतात. मी जाता-येता बघते. बघायचं नाही असं ठरवून बघते.

सेक्रेटरींची बायको अजून बुधवारी येते. रस्ता ओलांडून यावं लागतं म्हणून चिडलेली असते. मागच्या बुधवारी मी तिथेच होते, कॅन भरून आणला होता. आईने कोलंबी सोलून दिली. बाईंनी नाकाला ओढणी लावली होती.

"मावशी, हल्ली फार वास येतो हो इथून. वरपर्यंत येतो. पूर्वी कसं ते चिंचेचं टाकायचात ना, तसं जरा टाका की जाताना."

आईने कोयता ठोकळ्यावर ठेवला आणि फुटपाथच्या कडेच्या दगडावर हात थोपटला. जुना दगड आहे तो, काळा, कित्येक वर्षांचा.

"ह्यो काला दगड हाय. ह्याला चिंच काय करत नाय. माझ्या पोरीनं सांगितलंय, प्रयोग करून."

"मग टाका ना!"

"नाय टाकनार."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी समजुतीचं बोलेन म्हणून. मी कॅनचं झाकण लावत होते. त्या निघून गेल्या. आईने टब उचलला आणि खवल्यांसकट सगळं पाणी दगडावर ओतलं. ते कडेकडेने वाहत गटाराच्या जाळीपर्यंत गेलं. तिने जागा घासली नाही. हातही नुसते पाण्याने धुतले. वारा समुद्राकडून होता, म्हणजे सरळ गेटच्या आत.